ओळखीच्या नंबरवरून आलेला पक्ष

१८ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतल्या काँग्रेस मुख्यालयात राहुल गांधी पत्रकारांपुढे उभे राहिले आणि मागच्या पडद्यावर राजुऱ्याचे नाव आले. कर्नाटकातील आळंद मतदारसंघात हजारो मतदारांची नावे कापण्याचा प्रयत्न झाला, तर महाराष्ट्रातील राजुऱ्यात ६,८५० नावे बोगस पद्धतीने घुसवली गेली, असा त्यांचा आरोप होता. उदाहरण म्हणून पडद्यावर एक अर्ज दाखवला होता. मतदाराच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पुंजका होता आणि पत्त्याच्या जागी 'सास्ती, सास्ती' एवढेच. सास्ती हे राजुऱ्याजवळचे, खुल्या कोळसा खाणीचे गाव. तिथली धूळ आणि ट्रकांची रांग सगळ्या तालुक्याला माहीत आहे, पण देशाच्या राजकारणात या गावाचे नाव असे कधी घेतले गेले नव्हते. पत्रकार परिषद सुरू असतानाच ती थेट मोबाइलवर दिसत होती. राजुऱ्याच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला ती दिल्लीतल्या वार्ताहरांच्या बरोबरीने पाहता येत होती.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी यावर उत्तर दिले, तेही ऑनलाइनच. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी, १ ते १७ ऑक्टोबरच्या दरम्यान राजुरा मतदारसंघात नव्या नोंदणीसाठी साडेसात हजारांहून अधिक अर्ज आले. संख्या संशयास्पद वाटल्याने मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडून घरोघर पडताळणी झाली. साडेसहा हजारांहून अधिक अर्ज खोटे किंवा सदोष निघाले, ते नाकारले गेले आणि १९ ऑक्टोबर २०२४ रोजी राजुरा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. म्हणजे ती नावे यादीत गेलीच नाहीत, असे आयोगाचे म्हणणे. मग इतके खोटे अर्ज कोणी भरले, कोणत्या मोबाइल क्रमांकांवरून भरले, तपास कुठवर आला, असे काँग्रेसचे प्रतिप्रश्न.

या वादातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आरोप एका चित्रात मावणारा होता. विचित्र नाव, ओळखीचे गाव, मोठा आकडा. दोन सेकंदांत समजतो, लगेच पुढे पाठवता येतो. उत्तर समजून घ्यायचे तर नमुना क्रमांक ६ म्हणजे काय, तो पोर्टलवरून कसा भरतात, केंद्रस्तरीय अधिकारी काय तपासतो, मतदार नोंदणी अधिकारी अर्ज कधी फेटाळतो, हे सगळे माहीत हवे. आरोप करणारा आणि उत्तर देणारा यांपैकी कोण बरोबर, हा तपासाचा विषय आहे. पण दोन निरोपांपैकी कोणता गावागावांत पोहोचण्याजोगा होता, याचे उत्तर निरोपाच्या घडणीतच आहे. पक्ष मतदाराशी आज कसे बोलतात, हे समजून घ्यायचे तर ही घडण पाहावी लागते आणि त्यासाठी राजुऱ्याइतकी चांगली जागा मला दुसरी सापडत नाही.

कारण इथे प्रत्येक मत मोजून घ्यावे लागते. २०१९ मध्ये काँग्रेसचे सुभाष धोटे शेतकरी संघटनेचे नेते ॲड. वामनराव चटप यांच्यापुढे अडीच हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात भाजपचे देवराव भोंगळे यांनी धोटेंना ३,०५४ मतांनी हरवले आणि चटप तिसऱ्या क्रमांकावर राहिले, तरी त्यांची मते पन्नास हजारांच्या वर होती. तीन तुल्यबळ उमेदवार आणि तीन हजारांचा फरक. राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी असे चार तालुके मिळून झालेल्या या मतदारसंघात एखाद्या मोठ्या गावाचा कल फिरला तरी निकाल बदलू शकतो.

हा मतदारसंघ एका भाषेचाही नाही. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे गावांत मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दखनी वळणाची उर्दू आजही बोलली जाते. माणिकगडच्या पहाडावर, जिवती तालुक्यात, कोलाम आणि गोंडांचे गुडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची गावे आहेत. खाली गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने, वर्धा नदीच्या कडेने कोळसा खाणी. खाण कामगार, कापूस पिकवणारा शेतकरी आणि पहाडावरचा कोलाम यांना एकाच भाषणात गाठणे कोणत्याही पक्षाला कधी जमले नाही.

मोबाइल येण्याआधी यासाठी माणसे लागत. शेतकरी संघटनेने या भागात जी पाळेमुळे धरली ती लाल बिल्ल्यावर. छातीवर बिल्ला लावलेला माणूस गावात असला की संघटना गावात आहे. कापसाच्या भावाचा हिशेब तो चावडीवर मांडायचा. संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी सभेत सांगितलेले उत्पादन खर्चाचे गणित तो स्वतःच्या शेताच्या आकड्यांनी पुन्हा समजावून सांगायचा. १९९४ मध्ये संघटनेचा स्वतंत्र भारत पक्ष निघाला, २००४ मध्ये चटप त्याच पक्षाकडून आमदार झाले, आणि या यशामागे छापील पत्रकांपेक्षा अशा माणसांचा वाटा मोठा होता. काँग्रेसकडे सहकारी संस्था, बाजार समिती आणि जुनी घराणी होती. पुढे भाजपने बूथरचना आणली. प्रत्येकाचा निरोप अखेर कोणा ओळखीच्या माणसाच्या तोंडूनच दारात यायचा.

ही गोष्ट मोबाइलने बदललेली नाही, आणि या प्रकरणात मला तेच सांगायचे आहे. पक्षाचे अधिकृत फेसबुक पान, नेत्याचे एक्स खाते, इन्स्टाग्रामवरची रील हा सगळा दर्शनी भाग. तिथे सभांची छायाचित्रे असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, भूमिपूजने असतात. पत्रकार तेच पाहतात, अभ्यासकही बहुधा तेच मोजतात. मतदाराचे मन मात्र हलते ते व्हॉट्सॲपवर, जिथे पाठवणाऱ्याचे नाव फोनमध्ये आधीपासून जतन केलेले असते. मावसभाऊ, बचतगटाची अध्यक्ष, कृषी केंद्राचा मालक, खाणीत एकाच पाळीत काम करणारा सोबती. पक्षाने पाठवलेला मजकूर त्यांच्या नंबरवरून आला की तो पक्षाचा राहत नाही, त्यांचा होतो.

यामागची यंत्रणा कष्टाची आहे. मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात नाव, वय, लिंग, घर क्रमांक, नातेवाइकाचे नाव असते, मोबाइल क्रमांक नसतो. तो क्रमांक मिळवून यादीतल्या नावापुढे बसवणे हे आजच्या पक्षकार्यातले सर्वांत मोलाचे काम आहे. सदस्य नोंदणी, आरोग्य शिबिर, क्रीडा स्पर्धा, हळदीकुंकू, योजनेचा अर्ज भरून देण्याचे शिबिर, अशा प्रत्येक ठिकाणी एक वही किंवा एक ॲप असते आणि त्यात नंबर जमा होतात. भाजपचा पन्नाप्रमुख म्हणजे यादीच्या एका पानाचा जबाबदार. त्या पानावरची साठेक नावे त्याने घरोघर जाऊन ओळखायची. त्याच्या हातातला फोन ही त्या रचनेची आजची अवस्था. इतर पक्षांनीही आपापल्या ताकदीनुसार हेच केले आहे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवरून भरले जात होते, तेव्हा अर्ज भरायला मदत करणारी शिबिरे सगळ्याच पक्षांच्या कार्यकर्त्यांनी लावली. तो सरकारी अर्ज होता, पण गावातल्या बाईला तो कोणाच्या मदतीने भरला गेला हे लक्षात राहिले. ती मदत करणारा माणूस नोव्हेंबरात तिला निरोप पाठवू शकत होता.

आता जरा लांब जाऊ. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत गेल्या काही वर्षांत पक्षांच्या ऑनलाइन बोलण्याचे जे प्रयोग झाले, त्यांच्यात राजुऱ्यातल्या माणसाला आपलेच प्रश्न दिसतील.

ब्राझीलची २०१८ ची अध्यक्षीय निवडणूक घ्या. तिथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर पक्षांना फुकट प्रचारवेळ मिळतो, आणि तो वेळ संसदेतल्या ताकदीच्या प्रमाणात वाटला जातो. जेराल्दो आल्कमिन यांच्या मोठ्या आघाडीला प्रत्येक सत्रात साडेपाच मिनिटे मिळाली. जाईर बोल्सोनारो यांच्या छोट्या पक्षाला मिळाले आठ सेकंद. जुन्या हिशेबाने आठ सेकंदांचा उमेदवार संपलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात आल्कमिन यांना पाच टक्केसुद्धा मते पडली नाहीत आणि बोल्सोनारो पहिल्याच फेरीत ४६ टक्क्यांवर गेले. सप्टेंबरात प्रचारयात्रेत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला होता, त्यामुळे बातम्यांत ते सतत होते, हे खरेच. पण त्यांचा रोजचा प्रचार व्हॉट्सॲप गटांतून चालला होता. ब्राझीलमध्ये बऱ्याच मोबाइल योजनांत व्हॉट्सॲपसाठी डेटाचे पैसे लागत नाहीत. ज्याच्याकडे बातमीचे संकेतस्थळ उघडण्याइतका डेटा उरलेला नाही त्यालाही व्हॉट्सॲपवरचा निरोप मिळतो, आणि निरोप खरा की खोटा हे तपासायला लागणारे पान मात्र उघडत नाही.

दुसऱ्या फेरीच्या दहा दिवस आधी, १८ ऑक्टोबर २०१८ रोजी, 'फोल्या द साओ पाउलो' या दैनिकात पत्रकार पात्रिसिया कांपोस मेलो यांची बातमी आली. उद्योजकांनी पैसे मोजून विरोधी वर्कर्स पार्टीविरुद्धचे संदेश लाखो क्रमांकांवर एकदम पाठवण्याची कंत्राटे दिली, असे त्यात म्हटले होते. ब्राझीलमध्ये २०१५ पासून कंपन्यांना राजकीय देणगी द्यायला बंदी आहे, त्यामुळे हा खर्च सिद्ध झाला असता तर बेकायदा ठरला असता. निवडणूक न्यायालयात खटला तीन वर्षे चालला. ऑक्टोबर २०२१ मध्ये बोल्सोनारो यांच्याविरुद्धचा अर्ज पुराव्याअभावी फेटाळला गेला, पण अशा घाऊक संदेशांमुळे पुढे उमेदवारी रद्द होऊ शकते, असे न्यायालयाने ठरवून टाकले. त्याच दिवशी पाराना राज्यातील आमदार फेर्नांदो फ्रांसिस्किनी यांचे पद रद्द झाले. २०१८ च्या मतदानाच्या दिवशी, मतदान सुरू असतानाच, त्यांनी फेसबुक लाइव्ह करून मतदान यंत्रात घोळ असल्याचे खोटे सांगितले होते. मतदान यंत्राबद्दलच्या खोट्या दाव्यासाठी निवडून आलेल्या माणसाचे पद जाणे, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने थांबून वाचावी. यंत्रावर शंका घेण्याचा हक्क आणि यंत्राबद्दल हवे ते खपवण्याचा हक्क यांत ब्राझीलच्या न्यायालयाने रेषा ओढली.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी एक सरळ धागा आहे आणि तो वेदनेचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. देशाच्या इतर भागांतही त्या उन्हाळ्यात असे बळी गेले. सरकारच्या दबावानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. बाकीच्या जगासाठी ही मर्यादा वीसवर ठेवली. म्हणजे ब्राझीलची निवडणूक वीसच्या मर्यादेत झाली. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे ढकललेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. ज्या 'फॉरवर्डेड'च्या खुणेकडे आपण आज लक्षही देत नाही, ती या मृत्यूंनंतर घेतलेल्या निर्णयांपैकी आहे.

ब्राझीलने तिथे थांबणे पसंत केले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये निवडणूक न्यायालयाने घाऊक संदेशांवर बंदी घातली. २०२२ च्या निवडणुकीआधी व्हॉट्सॲपने हजारो लोकांना जोडणारी 'कम्युनिटी' सुविधा ब्राझीलमध्ये मतदान संपेपर्यंत आणणार नाही, असे मान्य केले. २०२४ मध्ये प्रचारात बनावट आवाज-चेहऱ्याच्या चित्रफितींना मनाई झाली. हे नियम कडक आहेत. त्यांना सेन्सॉरशिप म्हणणारेही तिथे पुष्कळ आहेत आणि एका न्यायालयाच्या हाती इतकी सत्ता असावी का, हा त्यांचा प्रश्न फेटाळण्यासारखा नाही. तरीही एक गोष्ट तिथल्या यंत्रणेने ओळखली: पक्षाच्या पानावर लक्ष ठेवून भागत नाही, निरोप कोणत्या वाटेने घरात शिरतो ते पाहावे लागते.

पोर्तुगालचे उदाहरण थोडक्यात. तिथे निवडणूक जाहीर झाली की पैसे मोजून राजकीय जाहिरात करण्यावर कायद्याने मोठी बंधने येतात. त्यामुळे लोक स्वतःहून पाहतील आणि पुढे पाठवतील असा मजकूर ज्याला जमतो तो पुढे जातो. आंद्रे व्हेंतुरा यांच्या 'शेगा' या कडव्या उजव्या पक्षाला ते जमले. संसदेतल्या भाषणाचे छोटे, भांडणाच्या सुरातले तुकडे टिकटॉक आणि यूट्यूबवर टाकत हा पक्ष २०१९ मधल्या एका जागेवरून २०२२ मध्ये १२, २०२४ मध्ये ५० आणि मे २०२५ मध्ये ६० जागांवर गेला. स्थलांतर, घरांच्या किमती, जुन्या पक्षांवरचा राग ही कारणे मोठी आहेत, व्हिडिओंनी त्यांना वाट दिली. पैशावर बंधन घातले की भाषा सौम्य होते, असे मात्र तिथे दिसले नाही.

मोझांबिकमध्ये प्रकरण जिवावर बेतले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे निवडणूक झाली. १९७५ पासून सत्तेत असलेल्या फ्रेलिमो पक्षाविरुद्ध व्हेनांसिओ मोंदलाने हे पोदेमोस या छोट्या पक्षाच्या पाठिंब्याने उभे होते. मतमोजणीत घोटाळा झाल्याचा त्यांचा आरोप होता. १९ ऑक्टोबरला त्यांचे वकील एल्व्हिनो दियास यांची राजधानी मापुतोत गोळ्या घालून हत्या झाली. मोंदलाने देशाबाहेर गेले आणि तिथून फेसबुक लाइव्हवर बोलू लागले. आंदोलनाचा पुढचा टप्पा कोणता, कोणत्या दिवशी काम बंद ठेवायचे, रात्री नऊ वाजता खिडकीत उभे राहून भांडी कोणत्या दिवशी वाजवायची, हे सगळे ते पडद्यावरून सांगत. ना कार्यालय, ना सरकारी वाहिनीवर जागा, तरी मापुतोतल्या वस्त्या त्यांच्या शब्दावर भांडी वाजवत होत्या. सरकारने इंटरनेट अडवले. आंदोलनात आणि पोलिसांच्या गोळीबारात शेकडो माणसे मेली. ९ जानेवारी २०२५ रोजी मोंदलाने परतले, तेव्हा फ्रेलिमोचे दानिएल शापू विजयी घोषित झालेले होते.

सीमेपलीकडून आवाज आत पाठवण्याची ही रीत पोर्तुगीज सत्तेने फार पूर्वी आपल्या शेजारी पाहिली होती. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवले, पुढे ते कॅसलरॉकला नेले. कोकणी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांतून ते गोव्यात ऐकू जायचे. कोकणी लोकांसाठी, पोर्तुगीज तिथल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या वर्गासाठी आणि सत्ताधाऱ्यांच्या सैनिकांसाठी. गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर १९६१ पर्यंत, हे काम चालले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणाला कोणत्या भाषेत गाठायचे याचा विचार त्या दोघांनी झाडांच्या आडोशाला बसून केला. आजचे पक्ष सगळी साधने हाताशी असून तो विचार क्वचितच करतात.

राजुऱ्यात ही उणीव ठळक दिसते. मुंबईत किंवा पुण्यात तयार झालेला मजकूर शुद्ध मराठीत येतो, दिल्लीतला हिंदीत. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या गुड्यांसाठी त्या भाषांत फारच थोडे काही येते. तिथे व्हॉइस मेसेज उपयोगी पडतो, कारण वाचता येण्याची अट राहत नाही आणि बोलणारा आपल्याच गावचा असला की भाषेचा प्रश्न मिटतो. पण तेव्हा पक्षाने काय सांगायला सांगितले होते आणि त्याने प्रत्यक्षात काय सांगितले, हे पक्षालाही कळत नाही. जिवतीच्या पहाडावर नेटवर्क तुटक आहे. काही निरोप सभा होऊन गेल्यावर पोहोचतात.

याच पहाडावर परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावे आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा राहिला आहे. तिथल्या बऱ्याच लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत, दोन रेशनकार्डे आहेत. गावात दोन शाळा, दोन सरकारे, आणि मोबाइलमध्ये दोन राज्यांचे राजकारण. ३० नोव्हेंबर २०२३ च्या तेलंगणा निवडणुकीत तिथल्या शेतकऱ्यांसाठीच्या रयतू बंधू योजनेचे निरोप तेलुगूत आले, वर्षभराने लाडक्या बहिणीचे मराठीत. तेलंगणात लंबाडा म्हणजे बंजारा समाज अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जाती-भटक्या जमातींत मोडतो. हा फरक एका तांड्यातल्या तरुणाला दोन्हीकडचे निरोप वाचून लगेच समजतो आणि कोणते राज्य आपल्याला काय देते याचा हिशेब तो सहज मांडतो. पक्षांचा समज असा असतो की मतदार एकाच बाजूचे ऐकतो. इथला मतदार दोन राज्यांचे ऐकून ठरवतो, आणि मला यात लोकशाहीची मोठी ताकद दिसते.

आता नियम. २५ ऑक्टोबर २०१३ रोजी निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांबाबत पहिल्या ठोस सूचना काढल्या. उमेदवाराने शपथपत्रात आपली खाती सांगायची, इंटरनेटवरची जाहिरात जिल्हा माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यायची, तिचा खर्च निवडणूक खर्चात दाखवायचा. विधानसभेसाठी ही खर्चमर्यादा आपल्याकडे ४० लाख रुपये आहे. घाऊक एसएमएस आणि ध्वनिसंदेशांनाही पूर्वमंजुरी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास प्रचार बंद. ६ मे २०२४ रोजी आयोगाने पक्षांना बजावले की बनावट चित्रफीत निदर्शनास आणून दिल्यावर तीन तासांत काढा.

हे सगळे नियम पक्ष, उमेदवार, जाहिरात आणि पैसा या चार गोष्टींना धरून आहेत. पैसे न घेता मावसभावाने पुढे पाठवलेला निरोप यांपैकी कशातच बसत नाही. त्यावर बंदी घालावी असेही मला वाटत नाही, कारण शेजाऱ्याला आपले राजकीय मत सांगणे हा नागरिकाचा हक्क आहे. अडचण आहे ती मजकूर पक्षाच्या खोलीत तयार होऊन नागरिकाच्या नावाने फिरतो तेव्हा. ४८ तासांच्या शांततेत लाउडस्पीकरच्या गाड्या थांबतात, गट थांबत नाहीत. व्हॉट्सॲपवरचे निरोप २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरतेच वाचता येतात, मधल्या कोणालाही दिसत नाहीत. आयोगालाही नाही. खासगीपणासाठी हे हवेच आहे. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण एखादा निरोप तालुक्यात कुठून सुटला हे शोधणे जवळपास अशक्य होते.

राजुरा ज्यात येतो त्या चंद्रपूर लोकसभा मतदारसंघाच्या २०२४ च्या प्रचारात याचे एक उघड रूप दिसले. ८ एप्रिलला चंद्रपुरात पंतप्रधानांची सभा झाली. तिथे भाजपचे उमेदवार सुधीर मुनगंटीवार यांनी काँग्रेसच्या भूतकाळावर केलेल्या भाषणाचा काही सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरला. भाषा आक्षेपार्ह आहे, असे काँग्रेस म्हणाली. तुकडा संदर्भ तोडून फिरवला, असे मुनगंटीवार म्हणाले. मतदान १९ एप्रिलला होते. काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. एवढ्या फरकाचे श्रेय एका तुकड्याला देणारे चुकतात. त्यांना प्रतिभा यांचे पती आणि आधीचे खासदार बाळू धानोरकर यांच्या निधनानंतरची सहानुभूती, शेतमालाचे भाव आणि राज्यघटनेचा मुद्दा दिसत नाही. पण सभेला आलेल्या हजारोंनी पूर्ण भाषण ऐकले आणि न आलेल्या लाखोंनी तो तुकडाच ऐकला, हे मान्य करावे लागते. आता प्रत्येक वक्त्याने हे गृहीत धरून बोलायला हवे, की त्याचे कोणतेही वाक्य एकटे बाहेर पडू शकते.

राजुऱ्याच्या खोट्या अर्जांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. अर्ज ऑनलाइन आले, कारण ऑनलाइन अर्जाला माणूस समोर लागत नाही. ते पकडले गेले, कारण सास्तीत आणि आसपासच्या गावांत केंद्रस्तरीय अधिकारी पत्ता शोधत फिरला आणि त्या नावाचे कोणी नाही हे त्याने पाहिले. ही माणसे बहुतेक शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी असतात. दिल्लीतल्या पत्रकार परिषदेनंतर काही दिवसांतच आयोगाने आपल्या पोर्टलवर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-स्वाक्षरीची सोय आणली. कोणाच्याही नावाने कुठल्याही नंबरवरून अर्ज करणे त्यामुळे अवघड होईल. मात्र २०२४ चे ते हजारो अर्ज कोणी केले याचे उत्तर राजुऱ्याच्या मतदाराला मिळायला हवे, मग ते कोणत्याही पक्षाच्या सोयीचे असो वा गैरसोयीचे.

पुढचा कठीण भाग लहान निवडणुकांचा आहे. जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीत पक्षाचे चिन्ह नसते, पॅनल असते. तिथे पक्षाची अधिकृत पाने निवडणुकीबद्दल जवळपास गप्प असतात आणि सगळे बोलणे गावाच्या गटांत होते, त्याच गटात ज्यात पाणी कधी सुटणार, वीज कधी येणार, कोणाकडे मयत झाली हे निरोप येतात. प्रभागाचे मतदान काही शेकड्यांचे आणि निकाल पाच-दहा मतांवर. गट सोडावा तर गावाच्या बातम्या तुटतात, राहावे तर प्रचार ऐकावा लागतो. खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे जाहिरात सापडत नाही, पक्ष सापडत नाही. सापडतो तो गटाचा ॲडमिन, जो गावात एखादे दुकान चालवतो आणि मतदानानंतरही त्याच गिऱ्हाइकांना रोज सामान देणार असतो.